कणकेची गोळी

सहासष्ट सालच्या हिवाळ्यात जळगावच्या सराफ बाजारात, गौतमचंदांच्या पेढीवर, एक तरुण गुंजा मागत होता. सोनं नको, चांदी नको, नुसत्या गुंजा हव्यात – सोनं तोलायच्या लाल, काळ्या डोळ्याच्या बिया, मूठभर. सरकारी ग्रॅम आल्यापासून गुंजांची सद्दी संपली होती. तरी शेठजींनी कपाटाच्या तळातून एक जुनी कापडी थैली काढून दिली आणि हा माणूस पुढं काय करतो ते बघत बसले. त्यानं एकेक गुंज वेचून रुमालावर मांडली. एक बारीक निघाली, एक फुगीर. त्याच्या कपाळावर आठी पडली.

शेजारी कुंदा सरोदे दवाखान्याचा नाजूक तराजू दुरुस्तीला घेऊन उभी होती. तिला हसू आवरलं नाही.

"हसलात?" त्यानं मान न उचलता विचारलं.

"नाही... पण एवढ्या निवडून काय करणार यांचं?"

"सरासरी काढणार. अफू खाणारे सांगतात, मी दोन गुंजा घेतो, मी तीन घेतो. म्हटलं, गुंज म्हणजे नक्की किती ते तरी बघावं."

"आणि अफू खाणारा रोज तराजू घेऊन बसतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी तरी तसा एकही पाहिला नाही."

आता त्यानं मान वर केली. डोळ्यांत खोडी थोडी आणि कुतूहल फार. "म्हणजे बिनतराजूचा पाहिलाय."

कुंदाचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं तराजू उचलला आणि दुरुस्ती तशीच टाकून ती पायऱ्या उतरली.

पाहिला होता तर. तिचे वडील, पितांबर सरोदे, रावेरला आपल्या केळीच्या बागेत राहत. पाठीच्या दुखण्यावर उतारा म्हणून त्यांनी अफू घ्यायला सुरुवात केली. दुखणं गेलं, अफू राहिली. ही गोष्ट घरातल्या तिघांनाच ठाऊक होती – आबांना स्वतःला, आत्या बेबाबाईला आणि कुंदाला. आई लहानपणीच गेलेली. आबांनीच हट्टानं कुंदाला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. मागच्या वर्षी ते विहिरीवरच्या इंजिनाजवळ पेंगले आणि फिरत्या पट्ट्यानं त्यांच्या सदऱ्याची बाही ओढून नेली. हात वाचला. तेव्हापासून कुंदाला एकच घोर लागला होता. पुढच्या वेळी नुसती बाही जाणार नाही.

आणि नोकरी कुठं लागावी तिला? जळगावच्या एका सरकारी दवाखान्यात, अफू सोडवण्याच्या वॉर्डाची औषधं तयार करण्याची. परक्या माणसांना ती रोज अफूचा अर्क मापून द्यायची, हळूहळू कमी करत. घरच्या माणसापुढं मात्र तिची जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एका तरुणाला औषधांच्या खोलीत घेऊन आले. हे लोटन देसले, पुण्याहून आलेत. सरकारी खर्चानं चालणारे हे वॉर्ड नीट चालावेत म्हणून सरकारनं तांत्रिक सल्लागार नेमलेत, त्यांतले एक. दोन-तीन महिने इथं, मग धुळ्याला. कुंदानं पाहिलं आणि हातातली बाटली टेबलावर जरा जोरातच ठेवली.

"मिळाली सरासरी?" डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं.

"मिळाली. पण तिला काही अर्थ नाही. तुमचं बरोबर होतं." तो थांबला. "काल मी काही लागेलसं बोललो का?"

"छे," ती म्हणाली आणि पाठमोरी होऊन फडताळ लावू लागली.

वॉर्डाचं दुखणं साधं होतं. रोगी सांगेल त्यावरून पहिला डोस ठरायचा, आणि रोगी खरं सांगत नसे. मेव्हणा उशाशी बसलेला, मुलगा दारात उभा. माणूस आपल्या तीन गोळ्यांची एक करायचा. मग डोस अपुरा पडायचा, जांभया, नाक गळणं, पोटऱ्यांत गोळे... आणि माणूस कुंपणावरून पसार. लोटननं हे सगळं लिहून काढलं, पण उपाय सुचेना.

उपाय कुंदाला सुचला. एका दुपारी ती वॉर्डाच्या स्वयंपाकघरातून कणकेचा उंडा घेऊन आली. त्यांच्या तोंडाला विचारू नका, म्हणाली, बोटांना विचारा.

भाईदास नावाचे पाचोऱ्याचे एक म्हातारे नुकतेच दाखल झाले होते. एका गुंजेपलीकडं कधी गेलो नाही, असं ते शपथेवर सांगत. कुंदानं त्यांच्या हाती कणकेचा तुकडा दिला, नेहमीसारखी गोळी करा म्हटलं आणि कपाशीच्या भावाचा विषय काढला. बोलता बोलता त्यांच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं गोळी वळली, मापासाठी नखावर टेकवली. चांगली टपोरी. भाईदासांनी ती पाहिली, झाकली, मग बोटांनीच चुगली केली म्हणून स्वतःच खो-खो हसले. मेव्हणाही हसला.

कणीक हलकी, अफू जड. तेवढ्याच आकाराच्या अफूच्या गोळीशी ताडून दोघांनी फरक काढला. त्यासाठी कितीतरी दुपारी ती दोघं तराजूच्या दोन बाजूंना बसली. पारडं स्थिर व्हायला वेळ लागे. तोवर श्वाससुद्धा रोखून धरायचा, नाहीतर काटा हलतो. कुंदाच्या ध्यानात आलं, की हल्ली काटा फार हलतो.

"तुम्ही जरा मागं सरका," ती म्हणायची.

"मी श्वास घेत नाहीये."

"मग कोण घेतंय?"

यावर तो नुसता तिच्याकडं पाहायचा, आणि मग दोघंही घाईघाईनं काट्याकडं.

हळूहळू वॉर्डात माणसं टिकू लागली. संध्याकाळी दोघं कधी मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालत जात. तेव्हा तिथं बोरांची झाडं दाट होती आणि गर्दी अजिबात नव्हती. लोटन असं नाव कुणी ठेवलं, तिनं एकदा विचारलं. तो सांगू लागला, की आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्या जन्मल्या आजीनं त्याला उकिरड्यावर लोटून दिलं आणि दृष्ट चुकवून परत उचलून आणलं.

"बरं झालं आणलं परत," कुंदा पटकन बोलून गेली. मग तळ्यातल्या बगळ्यांकडं तिनं इतकं लक्ष दिलं, की जणू उद्या त्यांच्यावर परीक्षा होती.

"तुमनं बरोबर शे," तो म्हणाला. गोंधळला की त्याच्या तोंडून अशी घरची अहिराणी निसटायची.

तुम्हाला कणीक कुठून सुचली, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. कुंदाला त्याचं बरं वाटे, आणि भीतीही.

बरे होऊन गेलेले रोगी कसे आहेत, ते पाहायला लोटन रावेर भागात फिरत होता. कुंदाकडून बेबाबाईला हे कळल्यावर तिनं एका रविवारी दोघांसाठी बागेत भरीत-पुरीचं जेवणच ठरवलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पुऱ्या फुलल्या, पंगत केळीच्या पानावर बसली. वाऱ्यानं डोक्यावरची पानं सळसळत होती. आत्या लोटनला वाढता वाढता त्याची जात, गाव, शेत सगळं काढून घेत होती. देसले, म्हणजे आपल्यातले नव्हेत, आणि तेही धुळ्याकडचे, म्हटल्यावर तिचा झारा क्षणभर अडखळला. लेवा पाटलांच्या घरातली मुलगी चार ओळखीच्या गावांबाहेर द्यायचंही तेव्हा कुणी मनात आणत नसे.

जेवणं झाली. आबा रंगात येऊन सांगत होते, यंदा ट्रकांची कशी ओढाताण, रेल्वेच्या वॅगनी कशा वेळेवर मिळत नाहीत. बोलता बोलता त्यांनी परातीतली उरलेली कणीक चिमटीत घेतली. अंगठा आणि तर्जनी फिरू लागली. गोळी झाली, नखावर टेकली.

लोटननं ती पाहिली. त्यानं पाहिली, हे कुंदानं पाहिलं. आबांचं बोलणं चालूच होतं. लोटननं शांतपणे नजर वळवली आणि वॅगनींबद्दल पुढचा प्रश्न विचारला.

स्टँडवर गाडीची वाट पाहताना ती म्हणाली, "आता कळलं ना, मला कुठून सुचलं."

"कळलं."

"लिहिणार कुठं?"

"तुम्ही सांगाल तोवर मी आबांशीही बोलणार नाही. हे घर तुमचं आहे. पण कुंदाताई..." तो अडखळला. इतक्या दिवसांत त्यानं तिला ताई कधी म्हटलं नव्हतं, आणि दोघांनाही ते खटकलं. "पण कुंदा, ती गोळी लहान नव्हती."

ती रडली नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलली मात्र नाही. वॉर्डात भाईदासांचे घरी जायचे कपडे आले, ते हसत सगळ्यांना रामराम करून गेले, आणि त्या शनिवारी कुंदा रावेरला जाऊन बागेत आबांसमोर उभी राहिली. बाहीचं काढलं, इंजिनाचं काढलं. चला माझ्याबरोबर, म्हणाली.

आबा बराच वेळ केळीच्या बुंध्याशी पायानं माती सारत राहिले.

"तू मापून देशीन अन् मी तुह्यापुढं हात पसरू?" ते म्हणाले. "मले मरन चालीन, पोरी. हे नाई चालनार."

तेव्हा कुंदाला उमगलं, की आबांना अफू सोडायची होती. लेकीसमोर सोडायची नव्हती.

सोमवारी तिनं लोटनला गाठलं. धुळ्याला तुमचा वॉर्ड कधी सुरू होतो, एवढंच विचारलं. त्यानं पुढचं ओळखलं.

असे आबा धुळ्याला गेले. बाहेर सांगितलं, पाठीच्या उपचाराला चाललेत. लोटन रोज काम आटपून त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचा. पहिला आठवडा आबांनी त्याला शिव्यांशिवाय हाक मारली नाही. याच्या नादी लागून फसलो, हा पोरगा कसाई आहे, असं ते शेजारच्या खाटांना ऐकवत. पोटऱ्या चोळायची वेळ आली, की मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मग एका रविवारी कुंदा एस.टी.नं गेली तेव्हा लोटन त्यांची दाढी करत होता आणि आबा मान वर करून, लहान मुलासारखे डोळे मिटून बसले होते. ती दारातच थांबली.

त्या दुपारी दोघं पांझरेच्या काठी बसली. नदीला पाणी थोडं होतं, धोब्यांचे कपडे वाळूवर पसरलेले होते.

"एवढं कोण करतं?" ती म्हणाली. "सरकारी काम म्हणून?"

"सरकारी काम रोज पाचला संपतं."

"मग हे काय आहे?"

त्यानं वाळूतला एक चपटा खडा उचलला, उगाच तपासला. "तुम्हाला ठाऊक आहे ते काय आहे. पण आबांकडे मी तोंड उघडणार नाही. माझ्या हातून बरा होणारा माणूस मला नाही कसं म्हणेल? आणि तसलं 'हो' मला नकोय."

"मग?"

"पुढची नेमणूक चांद्याला आहे. एक तारखेपासून."

चांदा म्हणजे राज्याचं पार दुसरं टोक. त्याचं म्हणणं कुंदाला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच ते जास्त दुखत होतं.

आबांना सोडायचा दिवस आला. पळस फुलायला लागले होते. आबा वाळले होते, पण डोळे स्वच्छ, हात स्थिर. धुळे–रावेर गाडी लागली, तेव्हा ते सरळ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एका अनोळखी शेतकऱ्याशेजारी जाऊन बसले. मले समोर बरं वाटते, म्हणाले. कुंदा मागं एकटी बसली. लोटन पिशवी ठेवायला वर चढला, पिशवी ठेवली, पुन्हा नीट ठेवली. गाडी सुटली.

"उतरायचं राहिलं," तो म्हणाला.

"दिसतंय."

कंडक्टर आला. लोटननं फागण्याचं तिकीट घेतलं, जवळचंच गाव, तिथून परत येता येईल. तो तिच्या शेजारी बसला, मध्ये हातभर जागा ठेवून. फागणे आलं, माणसं उतरली, चढली. लोटन बसूनच होता. कंडक्टरनं भुवया उडवल्या. लोटन म्हणाला, मुकटी.

तेव्हा तो रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंनी कडुनिंब गाडीवर वाकायचे आणि समोरून ट्रक आला, की गाडी खाली उतरून धुळीत उभी राहायची. धक्क्याधक्क्यानं हातभर जागेची वीतभर झाली. मुकटी गेलं, त्यानं पारोळ्याचं काढलं. कुंदा खिडकीतून तुरीच्या मोकळ्या शेतांकडं बघत ओठ दाबून बसली होती. हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम.

पारोळ्याला कंडक्टर कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "साहेब, तुमनं गाव नेमकं कोठे शे? एकदाच सांगा ना."

पुढचे-मागचे लोक हसले. लोटनचा चेहरा लाल झाला. तो एरंडोल म्हणायच्या बेतात होता.

"मास्तर," पुढच्या बाकावरून आवाज आला. आबांनी मान वळवली नव्हती. ते समोर रस्त्याकडंच बघत होते. "त्याले रावेरचं फाडून द्या. मी काई आता खाटेवर नाई, उपकारापायी नाई बोलत. पोरगा मले पसंत हाय. पोरीले विचारा."

कंडक्टरनं पेटीत बोटं घातली, मग थांबला आणि आधी लोटनकडं, मग कुंदाकडं पाहिलं.

"रावेर?" त्यानं तिला विचारलं.

लोटन श्वास रोखून बसला होता. कुंदानं मधली वीतभर जागाही सरकून संपवली.

"रावेर," ती म्हणाली.