चौतीस ठोके

"आई गं! मेलो!" ब्रुनो एका पायावर नाचायला लागला.

"मेला असतास तर एवढा ओरडला नसतास," लोटे म्हणाली. "काय झालं?"

"अंगठा फुटला! गवतात दगड आहे, मुद्दाम लपून बसलाय!"

त्यांच्या गावातल्या मैत्रिणीने, थियाने, आधी काठीने गवत झोडपलं. ऑस्ट्रेलियातल्या हिर्शफेल्डमध्ये जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, सापही सुट्टीला आल्यासारखे बाहेर हिंडतात, त्यामुळे हात घालण्याआधी काठी घालायची हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. साप निघाला नाही. निघाला एक उभा पुरलेला दगड, त्यावर खिळ्याने कोरावीत तशी वेडीवाकडी अक्षरं.

"G. H.," लोटेने वाचलं. "आणि खाली १८५२."

"H म्हणजे हेंश! आपण!" ब्रुनो अंगठा विसरला.

"H म्हणजे हाइनरिश, हॉफमान, हत्तीचं डोकं," थिया म्हणाली. पण तीही दगडाकडेच बघत होती, कारण दगडाच्या दोन्ही बाजूंना लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

ती जागा वरच्या चर्चच्या कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर होती, रस्त्याला लागून. तो रस्ता म्हणजे हिर्शफेल्डचं मोठंच प्रकरण! गाव वसवणारे सगळे प्रशियातून एकाच जहाजाने आले, एकाच बायबलवर हात ठेवून आले, आणि दोन वर्षांत जगाचा अंत नक्की कधी होणार यावरून कडाकडा भांडले. रस्त्याच्या एका अंगाला वरचं चर्च झालं, दुसऱ्या अंगाला खालचं. जगाचा अंत काही झाला नाही, भांडण मात्र शंभर वर्षं टिकलं. आता कुठे दोन्ही चर्चच्या मंडळ्या एक व्हायच्या होत्या, आणि त्या एकीसाठी मोटारी उभ्या करायला जागा हवी होती. सोमवारी बुलडोझर येणार होता.

लोटे आणि ब्रुनो ॲडलेडहून सुट्टीला आले होते ते टांटे एर्नाकडे, म्हणजे एर्नाआत्याकडे. ती त्यांच्या वडिलांची आत्या, वय चौऱ्याऐंशी, खालच्या चर्चची. पोरं धावत घरी आली तेव्हा ती बरणीत काकड्या भरत होती, एक थर काकड्यांचा, एक द्राक्षाच्या पानांचा.

"ब्रुनो! फाटकाची कडी लावलीस?"

"लावली! शेजारची मेंढी काल तुमचा सगळा कोबी..."

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ!" टांटेचा आवाज कापला. "या घराच्या फाटकाला कडी लावायची नाही. मेंढ्यांनी कोबी खाल्ला तर खाऊ दे."

ब्रुनो कडी काढून आला. लोटेने विचारलं, "टांटे, १८५२ मध्ये G अक्षराचा कोणी हेंश होता का?"

टांटेने काकडी खाली ठेवली. "हे तुला कोणी सांगितलं?"

"एका दगडाने."

तिने हात पुसले. मग तिने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून चार घड्या घातलेला एक पिवळा कागद. प्रशियाच्या सरकारने देश सोडून जायला दिलेला परवाना होता तो. कोपऱ्यात गरुडाचा शिक्का. टांटे बोट ठेवून वाचायला लागली. ती जुनी लपेटी अक्षरं गावात आता तिच्याशिवाय कुणाला नीट वाचता येत नव्हती. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन शाळाच बंद केल्या होत्या.

"गॉटलीब हेंश, विहिरी खोदणारा. जन्म तीन जानेवारी १८१८. उंची मध्यम, केस तांबूस, डोळे करडे. विशेष खूण, डाव्या करंगळीचं पेर तुटलेलं." तिने कागद मिटला. "हा माझा आजोबा, तुमचा खापरपणजोबा. बायको आणि पाच लेकरं टाकून सोन्याच्या खाणीकडे पळाला. १८५२ मध्ये अर्धा मुलूख सोन्यामागे धावत होता, तसा हाही. माझा बाप सगळ्यांत धाकटा, चार वर्षांचा. मरेपर्यंत त्याने फाटकाला कडी लावू दिली नाही. म्हणायचा, बाबा आले आणि फाटक बंद दिसलं तर परत जातील."

ब्रुनोने हळूच फाटकाकडे बघितलं.

"शाळेत आम्हाला पळपुट्याची पोरं म्हणायचे," टांटे पुढे म्हणाली. "आणि बाप बिचारा... वरच्या चर्चची घंटा वाजली की जेवता जेवता कानांवर हात घेऊन बसायचा. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. झालं, आता तो दगड विसरा!"

पण विसरतात कसले! दुपारीच तिघं मात्झसाहेबांकडे गेले, गावच्या जर्मन बोलीत हेर मात्झ. हेर मात्झ खालच्या चर्चचे प्रमुख आणि मोटारींच्या जागेच्या समितीचेही प्रमुख. प्रमुख व्हायची त्यांना आवडच होती.

"त्या खुंट्यांमध्ये माणूस पुरलेला असेल!" लोटे म्हणाली.

"सुट्टीत मुलांना असंच काहीबाही दिसतं," हेर मात्झ हसले. तरी त्यांनी चर्चचं जाडजूड पुस्तक काढलं. "बघ. १८५२ ची सगळी दफनं. हेंश दिसतो? नाही. आणि हे मंडळीच्या सभासदांचं पान. हा तुझा गॉटलीब."

नावावर आडवी रेघ होती. मारणाऱ्याने इतकी दाबून मारली होती की कागद चिरला होता.

"पळून गेला, नाव खोडलं. आमच्या पुस्तकात दफन नाही, म्हणजे तिथे कुणी नाही."

"पण ती जागा तर वरच्या चर्चकडची आहे," ब्रुनो म्हणाला. "मग त्यांच्या पुस्तकात बघितलंत का?"

हेर मात्झ असे बघत राहिले, जसं काही ब्रुनोने त्यांना शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून खा म्हटलं. "त्यांच्या पुस्तकात? आमचा माणूस? कशाला असेल! पळा आता!"

बाहेर येताच थियाने कपाळावर हात मारला. "अगं, ते पुस्तक तर माझ्या ओपांकडेच असतं!"

थियाचे ओपा, म्हणजे आजोबा, वरच्या चर्चच्या किल्ल्या सांभाळत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर बसलेलं माणूस त्यांना आवाजावरून कळे.

"१८५२? बघा बापडे," ते म्हणाले. "पण पुस्तक या खोलीबाहेर जाणार नाही. शंभर वर्षांत गेलेलं नाही."

"ओपा, हे कधी कुणी वाचलंच नाही का?"

"खालच्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. मला दिसत होतं तेव्हा मीही उघडलं नाही." म्हातारा खजील झाला. "जुनी मढी कोण उकरणार?"

पानं उलटली. सगळीकडे लपेटी अक्षरं, जणू शाईत बुडालेला कोळी चालत गेला होता. पण आकडे ते आकडेच!

"९ फेब्रुवारी १८५२," थिया कुजबुजली. "वयाच्या रकान्यात चौतीस. बाकी सगळ्यांची एकेक ओळ, याचं अख्खं पान!"

लोटेने बोटांवर हिशेब केला. "जन्म अठरा. बावन्नातून अठरा गेले..." तिने पानावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "चौतीस! तो पळालाच नाही! इथेच आहे तो!"

आता वाचणार कोण? टांटे! पण टांटे ऐकेल तर शपथ. "मी तो रस्ता कधी ओलांडला नाही," ती म्हणाली. "माझ्या बापाने नाही, आजीने नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पोरांच्या खेळापायी लोकांना हसू आणू?"

"खेळ नाही, टांटे! सोमवारी त्याची हाडं बाहेर येतील!"

टांटेने बरणीचं झाकण घट्ट दाबलं. "आणि तो नसला तर? त्या पानावर कुणी दुसराच असला तर? मग मी परत त्याला गमवायचं का? एकदा गमावलाय, तेवढं पुरे." ती आत गेली. रविवारी ती चर्चलासुद्धा गेली नाही.

सोमवारी सकाळी सातला बुलडोझर आला. हेर मात्झ टोपी सारखी करत रस्त्यात उभे राहिले. लोटे धावत जाऊन दगडासमोर उभी राहिली, तर त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं.

"लहान मुलांनी मशिनजवळ यायचं नाही! चल, सुरू कर रे!"

लोटेला रडू फुटलं. पण तिने रडत रडतच हात वर करून रुमाल हलवला, आणि वरच्या चर्चच्या मनोऱ्यात ब्रुनो आणि थिया दोराला लोंबकळले.

टण्ण!

हिर्शफेल्डमध्ये भलत्या वारी घंटा वाजली की एकच अर्थ. कुणीतरी गेलं. जितकं वय, तितके ठोके. हातातलं काम टाकून उभं राहायचं आणि मोजायचं, मग धावायचं, हा सगळ्या गावाचा जुना शिरस्ता. ड्रायव्हर गावचाच होता. त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली.

"थांबलास का?" हेर मात्झ ओरडले, पण त्यांचेही ओठ हलत होते. आठ, नऊ, दहा...

द्राक्षांच्या मळ्यांतून माणसं उभी राहिली. बेकरीचं दार उघडलं. वीस. "तरणं माणूस दिसतंय!" कुणीतरी म्हणालं. तीस. एकतीस. बायका पोटच्या पोरांची वयं आठवून धावत सुटल्या. तेहेतीस. चौतीस. आणि घंटा थांबली.

"कोण? चौतीस वर्षांचं कोण गेलं?"

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाव गोळा झालं होतं. लोटेने डोळे पुसले.

"गॉटलीब हेंश," ती मोठ्याने म्हणाली. "विहिरी खोदणारा. एकशे दहा वर्षांपूर्वी. तुम्ही आत्ता त्याच्यावर मोटारी उभ्या करणार होतात!"

"शुद्ध चावटपणा!" हेर मात्झ लाल झाले. "पुरावा कुठाय?"

"पुरावा आत आहे," मागून आवाज आला. "पण तो मला वाचावा लागेल."

टांटे एर्ना खालच्या बाजूला रस्त्याच्या कडेशी उभी होती, कमरेला काकडीच्या पाण्याने भिजलेलं एप्रन तसंच. तिनेही मोजले होते. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. सगळं गाव बघत होतं, आणि तिने रस्ता ओलांडला.

ओपांनी शंभर वर्षांचा नियम मोडून पुस्तक चर्चच्या पायरीवर आणलं. टांटेने चष्मा लावला. पहिली ओळ मनात वाचली आणि तिने लोटेचा हात घट्ट धरला.

"'गॉटलीब हेंश, वय चौतीस,'" तिने वाचलं. "'खालच्या मंडळीचा. उन्हाळ्यात आमच्या मुलांना प्यायला पाणी उरलं नाही, म्हणून हा आमच्याकडे विहीर खोदायला आला. त्यासाठी त्याच्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी त्याचं नाव खोडलं. तरी तो आला. सहा तारखेला विहीर ढासळली. तिसऱ्या दिवशी त्याला वर काढलं. चेहरा ओळखता येत नव्हता. डाव्या करंगळीचं पेर नव्हतं, त्यावरून ओळखलं.'"

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. टांटे थांबली नाही.

"'त्याच्या लोकांनी त्याला माती नाकारली. माझ्या लोकांनीही कुंपणाच्या आत जागा दिली नाही, कारण तो आमचा नव्हता. मी पाळक असून हरलो. त्याला कुंपणाबाहेर पुरलं आणि घंटा मी स्वतः वाजवली. त्याची बायको पाच लेकरांसह रस्त्यापलीकडे उभी होती. ती राहते ते घर मंडळीचं. तो सोन्यामागे पळाला असंच सांगायचं, खरं बोललीस तर घर सोडावं लागेल, असं तिला बजावलं होतं. रस्ता ओलांडू दिला नाही. घंटा सुरू झाली तेव्हा सगळ्यांत धाकट्याच्या...'"

तिचा आवाज फुटला. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"'...धाकट्याच्या कानांवर तिने हात ठेवले होते.'"

"म्हणून!" ब्रुनो ओरडला. "म्हणून तुमचे बाबा कान झाकायचे! टांटे, त्यांना ठाऊक होतं!"

"हो रे बाळा," टांटे म्हणाली, आणि रस्त्यात, सगळ्या गावासमोर, ढसाढसा रडली. "ठाऊक होतं आणि आठवत नव्हतं. जन्मभर वाट बघत बसला माझा बाप. आणि त्याचा बाप इथे होता, शंभर पावलांवर!"

बुलडोझर माघारी गेला. खुंट्या ड्रायव्हरनेच उपटल्या.

पुढच्या रविवारी वरच्या चर्चच्या लोकांनी कुंपण सरकवून दगड आत घेतला. खालच्या चर्चने खोडलेलं नाव रेघेच्या शेजारी पुन्हा लिहिलं. रेघ तशीच ठेवा, असं टांटेनेच सांगितलं. आणि खालची घंटा, जी त्याच्यासाठी कधी वाजली नव्हती, ती हेर मात्झ यांनी वाजवली. चौतीस ठोके होईतो त्यांचा सदरा घामाने भिजला. उतरून आले ते सरळ मुलांपुढे उभे राहिले.

"माझ्याकडे पुस्तक होतं, किल्ली होती, वेळ होता," ते म्हणाले. "रस्त्यापलीकडे जाऊन विचारायची अक्कल नव्हती. ती तुम्हाला होती. शाबास! आणि लोटे, तुझा दंड धरला त्याबद्दल माफ कर."

लोटेने मान डोलावली. ब्रुनो पुढे झाला. "घंटा वाजवायला आम्ही दोघं लागलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही एकट्याने छान वाजवलीत." भरल्या डोळ्यांनी हेर मात्झ हसले.

घरी परतताना टांटे लोटेच्या खांद्यावर हात टाकून सावकाश चालत होती. ब्रुनो पुढे पळाला आणि फाटक ढकलून आत जाऊ लागला.

"ब्रुनो!"

"माहितीये, माहितीये! कडी लावायची नाही!"

टांटे फाटकाशी थांबली. गंजलेल्या कडीवरून तिने एकदा बोट फिरवलं.

"लाव," ती म्हणाली. "सगळे घरी आले."