काचेपलीकडचं दिसतं का?

"स्कॅनर आहे का?" मी विचारलं.

त्यानं मान वर न करता काउंटरवरचा क्यूआर कोडचा पुठ्ठा माझ्याकडं सरकवला. "हा काय, ताई. मारा."

"अहो, पैसे कशाचे देऊ? काहीच घेतलेलं नाही अजून!"

"मंग स्कॅनर कशाला मागून राह्यल्या?"

जुन्या जालन्यातली अरुंद गल्ली, तिच्यात हे कॉम्प्युटरचं दुकान. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या दुकानात धान्याची पोती, अन् भाद्रपदाची ती चिकट रिमझिम... जुना फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचं मशीन हवंय, असं मी ओली ओढणी पिळत समजावलं. तेव्हा तो हसला. आधी डोळे हसले, ओठ बिचारे मागून पोचले. पाचवीचा वर्ग दिवसभर सांभाळून आलेल्या बाईला कुणाच्या डोळ्यांचं कौतुक नसतं. निदान त्या दिवशी तरी मला नव्हतं.

मी पिशवीतून फोटो काढला. आई अन् अण्णा, लग्नानंतर भोकरदनच्या स्टुडिओत काढलेला. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. तिचा आवाज कुठंतरी कानात आहे, चेहरा मात्र नाही. तिचा हा एवढा एकच फोटो. गावी, धावड्याच्या घरी भिंतीला ओल आली, फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला, अन् आता कडेनं पांढरी बुरशी चढत होती... पदरावरून खांद्यावर, खांद्यावरून गळ्याकडं. सोलायला गेलं की रंग काचेवरच राहायचा. मोबाइल धरला की काचेत माझंच तोंड दिसायचं.

"काळजी करू नका," तो म्हणाला. "मी बघतो."

तो बघत राहिला. त्याचं नाव कल्याण, पण माझं कल्याण काही होईना.

आधी त्यानं कागद ओढणारं मशीन दाखवलं. "एकदम जल्दी! इकडून घातला की तिकडून बाहेर." नमुना म्हणून विजेचं बिल घातलं. मशीननं ते सर्रकन ओढलं, चावलं अन् चुरगळून मागं टाकलं.

"माझी आई या जबड्यात देऊ?"

"न्हाई न्हाई... ते बिलच पातळ होतं."

मग पुढच्या खेपेला आलं वहीएवढं पातळ, चपटं मशीन. दिसायला गोड. फोटो त्याच्यावर पालथा ठेवला, उजेड सरकत गेला, अन् स्क्रीनवर आईच्या जागी नुसतं धुकं.

"मध्ये फ्रेमची काच आली ना, मॅडम. याला अगदी टेकलेलं तेवढंच बराबर दिसतं."

"मग काचेपलीकडचं दिसतं असं आणा!"

"आणतो. शुक्रवारी या."

मॅडम! पहिल्या दिवशी मी ताई होते. आमच्याकडं दुकानदार म्हातारीलाही ताईच म्हणतो. याच्या तोंडून दुसऱ्याच खेपेला ताई गायब झाली. मी ते ऐकलं, अन् न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या शुक्रवारी माल आला नव्हता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आला तो भलताच.

"चहा घेता?"

"स्कॅनर घेते."

"तोवर चहा. साखर कमी, माहितीय मला."

कसं माहितीय? कुणी सांगितलं? नुसता वैताग! आभाळ भरायचं, गल्ली वाहायची, चपला चिखलात रुतायच्या, अन् मी त्याच्यावर चिडत चिडत घरी जायची. आठवडाभर चिडायची. गुरुवारी संध्याकाळी तर फारच... अन् त्या चिडण्यात उद्या कोणता ड्रेस घालायचा, तेही ठरून जायचं.

शेवटी अण्णाच धावड्याहून आले. "असलं कसलं मशीन हाये बाई, जालन्यात सापडंना?" म्हणत माझ्यासोबत दुकानात शिरले, स्टुलावर बसले अन् सगळीकडं नजर फिरवली.

"पोरा, त्या टेबलफॅनखाली काय हाये?"

कल्याणचे कान लाल झाले. "ते... जुनं धूड हाये, काका. जाड मशीन. आता कुणी घेत न्हाई."

"त्याला काचेपलीकडचं दिसतं का?" मी विचारलं.

"दिसतं. म्हणजे... पोटात आरसे अन् भिंग असतं, त्यामुळं जरा लांबचंही..."

"कधीपासून माहीत आहे?"

तो काउंटरकडं बघत राहिला. "मागच्या शुक्रवारपासून. सांगितलं असतं तर... तुम्ही आज आल्या नसत्या."

एखादी लाजली असती. मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "बघा. मागच्या शुक्रवारी बुरशी गळ्याशी होती. आज हनुवटीला लागलीय. तुमच्या एका चहापायी माझ्या आईचा चेहरा गेला असता!"

त्याचं तोंड उतरलं. "चुकलं," तो म्हणाला. "बिलकुल चुकलं, दैवशाला."

मॅडमही गेली होती; उरलं होतं नुसतं माझं नाव.

त्यानं फॅन उतरवला, काच पुसली, मागचा जुना कॉम्प्युटर लावला. फोटो अलगद पालथा ठेवला. उजेड हळू, फार हळू सरकला. स्क्रीनवर आधी अण्णांची टोपी आली, मग आईचा भांग, कुंकू... अन् डोळे. लख्ख! ते कॅमेऱ्याकडं नव्हतेच. तिरपे वळून अण्णांवर रोखलेले.

"अण्णा, आई रागावलीय?"

"मंग काय! फोटोवाला 'रेडी' म्हणला की माझे डोळे मिटायचे. परत, परत तेच. शेवटी तिनं असं बघितलं, अन् डोळे मिटायचंच इसरलो मी." त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. "होती तोवर असंच बघायची. मला कधी कंटाळा न्हाई आला."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझी नजर कुठं आहे ते बघितलं, अन् घसा खाकरला. "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"शहागड, काका."

"अण्णा!" मी ओरडले.

कल्याण मान खाली घालून वायर गुंडाळत होता. "मशीन बांधून देतो. आजच न्या. परत खेप घालायला लावणार न्हाई."

"राहू द्या इथंच," मी म्हणाले. "घरी जागा नाही. अन् गावाकडं ट्रंकभर फोटो आहेत. एकेक घेऊन येईन... शुक्रवारी."

"कोणती ट्रंक?" अण्णा म्हणाले. "बाई, आपल्याकडं तर हा एकच..."

"अण्णा, तुम्ही चहा प्या."