चार नंबरचा जोड

गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याच्या पायाचा नंबर सांगणार, अशी नंबरशेठची ख्याती. चपला-बुटांच्या दुकानात पंचवीस वर्षं गेली, पण माप म्हणून कधी चुकलं नाही. माणसांची नावं बायकोने लक्षात ठेवायची, पाय शेठनी, अशी घरात वाटणीच होती.

त्यामुळे बेटावरच्या हॉटेलात, दुपारच्या चहानंतर, उद्याच्या स्नॉर्कलिंगचा, म्हणजे मास्क लावून पाण्याखालचं बघायच्या सफरीचा, फॉर्म त्यांनी मोठ्या ऐटीत पुढे ओढला. नावं नकोत, नुसते पायांचे नंबर लिहा, असं काउंटरवरची बाई म्हणाली. पोहताना घालायचे रबरी फिन त्याप्रमाणे काढून ठेवतात म्हणे.

"अहो, धाकट्याचा एक नंबर मोठाच लिहा. नुसता ताडमाड वाढतोय मेला," बायको म्हणाली.

धाकटा म्हणजे त्यांचा एकुलता एक, नऊ वर्षांचा. तो खिडकीशी उभा राहून खांदा खाजवत होता. कातडी सोलवटून निघाली होती.

"काल रात्री तर बेटावर उतरलो आपण. एवढ्यात उन्हात कुठे भाजून घेतलंस रे?" शेठनी विचारलं.

त्याने खांदे उडवले.

काउंटरवरच्या बाईने भरलेल्या फॉर्मवर नजर टाकली. "चार जोड. ठीक."

"चार कुठले? तिघं आहोत आम्ही!" शेठ हसले.

तिने कागद त्यांच्याकडे फिरवला. नऊ, पाच, चार, दोन. अक्षर त्यांचंच, नऊची लांब शेपटी त्यांचीच.

"प्रवासाचा शीण, दुसरं काय! तरी म्हणत होते, जरा पडा," बायको म्हणाली.

शेठनी चार खोडला.

मग बायकोने काउंटरवरचा पाण्याखाली घालायचा मास्क लावून पाहिला. काढला, तसं शेठना दिसलं. तिच्या कपाळावरून गालांपर्यंत लालसर वळ होता. मास्क अगदी त्या वळावरच बसला होता, आणि आता तर तो लावून क्षणही झाला नव्हता.

"उशीचा असेल," शेठ म्हणाले. दुपारचे चार वाजले होते.

वेळ ठरवायला तिघं धक्क्यावर गेले. बोटवाल्याच्या फळीवर खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले टांगलेले होते. बोटीत चढताना प्रत्येकाने एक गळ्यात घालायचा, परतल्यावर खिळ्याला लावायचा. समुद्रात कुणी मागे राहू नये म्हणून ही पद्धत. एक खिळा रिकामा होता.

"उद्या किती वाजता निघायचं?" शेठनी विचारलं.

बोटवाल्याने रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"शेठ, आधी कालचा बिल्ला द्या. तिघांचे आले. चौथा राहिलाय."

"काल? काल आम्ही इथे नव्हतोच!"

"तुम्हीच होतात. बिल्ल्याशिवाय मी बोट हलवत नव्हतो. तुम्ही दोघांनीच सांगितलंत, आम्ही तिघंच आहोत. शपथेवर सांगितलंत." त्याचा आवाज उतरला. "सकाळपासून वाट बघतोय, कुणी विचारायला येतंय का म्हणून."

त्यांनी मोजलं. बायको, मुलगा, आपण. पुन्हा मोजलं. तीनच. तरी मोजणारं बोट चौथ्यासाठी पुढे झालंच.

"अहो," बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला. "आपण ह्याला धाकटा का म्हणतो?"



बोटवाल्याने बाकाखालून, काल बोटीत राहिलेला, सँडलचा जोड काढून पुढे ठेवला. निळे पट्टे, आत वाळू. नंबर बघायची शेठना गरज नव्हती. त्यांनी सँडल उलटे करून तळ पाहिले.

उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजली होती.

शेठनी आपली चप्पल काढून शेजारी धरली. झीज तीच.

"द्या इकडे, मी ठेवतो," मुलाने हात पुढे केला. "हरवले तर ती मलाच ओरडेल."

"कोण रे?"

मुलाने सांगायला तोंड उघडलं.

ते तसंच उघडं राहिलं. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, कोण?"