खिडकी लाव गं

वहिनी, बस जरा इथे. दिवा असू दे, एवढ्यात मालवू नकोस. आणि दादाला यातलं काही सांगू नकोस, तो म्हणेल हिचं डोकं फिरलं.

आज दुपारी मी बाईंच्या घरी गेले ती काही रडायला नव्हे. बाई गेल्या म्हणून चाहत्यांची शोकसभा चार वाजता त्यांच्याच दिवाणखान्यात होती, आणि त्यांच्या टीव्ही मालिकेचं सगळं लिखाण तिथेच आपल्या हवाली करा, असं निर्मात्यांनी मला फोनवर बजावलं होतं. साधं काम. पिशवी घेतली, निघाले.

तुला माहीतच आहे, बाईंनी स्वतःच्या हाताने कधी एक ओळ लिहिली नाही. त्या खोलीभर फेऱ्या मारत बोलायच्या आणि मी टाइप करायचे. बावीस वर्षं. पाच हजार सहाशे अकरा भाग. जिच्या नावाने घराघरातल्या बायकांनी बोटं मोडली त्या सासूचं एकेक वाक्य माझ्या या दहा बोटांतून गेलंय. हो, मिरवते मी! का मिरवू नये? प्रसंग संपला की बाई अंगठीने टेबलावर ठक ठक करायच्या, दोनदा. की मी हात उचलायचे.

खोड एकच. बोलता बोलता, सूरही न बदलता, मध्येच म्हणायच्या, "पाणी दे." "खिडकी लाव गं." माझी बोटं तेही टाइप करून मोकळी. दुसऱ्या वाचनात मी ते शोधून शोधून काढायचे. एकदाच राहून गेलं. भर कोर्टात वकीलबाई आरोपीला म्हणाली, "माझा चष्मा कुठे गेला गं?" लोकांना वाटलं, वा, काय खोल बोलली! बाई आठवडाभर हसत होत्या.

आणि नियमही एकच. मालिकेत मेलेलं माणूस परत आणायचं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या सुनेला मारलं तेव्हा केवढं रान उठलं होतं, आठवतं ना? एका बाईने तर गाडीवर शाईची बाटली फेकली. आमच्या बाई काच पुसत म्हणाल्या, "मेलं म्हणजे मेलं." शेवटचा भाग तेवढा सांगायचा राहिला होता. गेल्या सोमवारी त्याच गेल्या.

तर, दिवाणखान्यात चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली. पहिल्या रांगेत कोण, तर तीच शाईवाली! निवृत्त नर्स आहेत, आम्ही त्यांना शाईवाल्या मावशीच म्हणतो. रडून रडून डोळे सुजलेले. शिव्यांची पत्रं पाठवणारी, बाईंचा पुतळा जाळा म्हणणारी, सगळी तिथे फुलं घेऊन. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? छाती फुगली माझी. बाईंनी या सगळ्यांना रोज साडेसातला घरात डांबून ठेवलं होतं गं, आणि तेही राजीखुशीने.

मग निर्माते उठले. म्हणाले, "शेवटचा भाग आमचे तीन नवे लेखक लिहितील. आणि तुमच्या आग्रहाखातर, धाकटी जिवंत परत येतेय!"

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंना मी शब्द दिला होता, या गोष्टीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही म्हणून. पण भागच लिहिलेला नाही, तर भांडू कशाच्या जोरावर?

"आता दोन मिनिटं शांतता," निर्माते घड्याळ बघत म्हणाले. सगळे उभे राहिले. मी मात्र कोपऱ्यात माझ्या कॉम्प्युटरसमोर मुद्दाम बसून राहिले.

तेवढ्यात बामाचा वास आला. बाई गुडघ्यांना चोळायच्या तो. आणि शाईवाल्या मावशी बोलायला लागल्या. हळू, ठाय लयीत...

"धाकटे, तू मेलीस त्या दिवशी कडी मी आतून लावली होती. तू तीनदा हाक मारलीस... मी मोजल्या."

ही सासू होती, वहिनी. मला वाटलं, चाहत्यांनी काहीतरी बसवून आणलंय. मागून एक पुरुष थोरल्या मुलाचं वाक्य बोलला. मग दाराजवळून नणंद. माझी बोटं केव्हा धावायला लागली, मलाच कळलं नाही. मी मान वर केली नाही. सांगणारा सांगत असताना मी वर बघतच नाही, सवयच नाही. बाई श्वास घ्यायच्या तिथेच ते श्वास घेत होते... चाळीस जण, एकाच वेळी.

आणि सासूच्या कबुलीच्या ऐन मध्यात मावशी म्हणाल्या, "खिडकी लाव गं. पाय गार पडलेत माझे."

मी उठले. खिडकी लावली. परत येऊन बसले, तेव्हा कुठे अंगावर सर्रकन काटा आला.

पण हात थांबले नाहीत. थांबवलेही नाहीत मी. शेवटचं वाक्य झालं, आणि टेबलावर, माझ्या कोपराशी... ठक, ठक.

"धन्यवाद, बसा," निर्माते म्हणाले आणि माझ्यावर खेकसले, "दोन मिनिटंही गप्प बसवत नाही तुम्हाला? नुसती टकटक!"

मी मावशींना विचारलं, "केव्हा पाठ केलंत हे?"

"काय?" त्या म्हणाल्या. "अहो, कुणी चकार शब्द काढला नाही. तुम्हीच मध्ये उठून खिडकी लावलीत."

दोन मिनिटं, वहिनी. आणि प्रिंटरमधून अठरा पानं निघाली.

निर्मात्यांनी उभ्याउभ्या वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर मावशी म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." त्यांनी वाचलं. कबुली आली तशी मावशींनी तोंडाला पदर लावला. मग उठून म्हणाल्या, "धाकटीला मेलेलीच राहू दे. हेच दाखवायचं. नाहीतर शाईची बाटली अजून आहे माझ्याकडे." या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, हो! मीही वाजवल्या.

"बाईंनी हे कधी सांगितलं?" निर्माते घाम पुसत म्हणाले.

"त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं," मी म्हणाले. "बावीस वर्षं असंच चाललंय."

घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे दुसरं वाचन केलं. ही बघ माझी प्रत. खिडकीचं खोडलं. अकराव्या पानावर "पाणी दे" होतं, तेही खोडलं. मग हे शेवटचं पान. गोष्ट संपल्यावर खाली एक ओळ आहे. ठकठक झाल्यावर मी हात उचलले होते गं, आईची शपथ. तरी आहे. रोज निघताना बाई म्हणायच्या तेच, फक्त पुढे थोडं जास्त.

"उद्या नऊला ये. इकडे सांगण्यासारखं खूप साठलंय."

हे काही माझ्याने खोडवत नाही.

घड्याळ इकडे फिरव जरा. बावीस वर्षांत मी एकदाही उशिरा गेलेली नाही.