मानाची पाहुणी

इसोआ माझ्या आयुष्यात आला तो तोंडावर आपटत. तोही माझ्याच वायरीवर.

आमच्या बेटावरच्या सिंगातोका गावच्या मैदानावर चर्चच्या गायनाची स्पर्धा होती आणि स्पीकर आमचे होते. अप्पांचं साउंडचं दुकान आहे. लग्न असो, रग्बी असो, देवीची पूजा असो की निवडणूक, नदीच्या दोन्ही काठांवर आवाज आम्हा गौंडरांचाच. मी हेडफोन लावून मिक्सरपाशी बसले होते आणि गाणं ऐन रंगात असताना कानात एकदम शुकशुकाट झाला. वर पाहिलं तर एक उंचापुरा माणूस गवतात पालथा पडलेला. पायात माझी वायर, आणि हातात अननसाचा केक. केक मात्र शाबूत.

"अरे, डोळे आहेत की बटणं?"

त्याने आधी केक नीट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ऐक ना जरा."

"काय ऐकू? आवाज गेलाय."

"तेच म्हणतोय. ऐक."

गाणारे थांबले नव्हते. वाऱ्याबरोबर सूर येत होते, नुसते, उघडे... खरं सांगायचं तर स्पीकरमधून येत होते त्याहून गोड. पण हे त्याच्यापाशी कबूल करायला मी काही वेडी नव्हते.

"छान आहे," मी म्हटलं. "पण आम्हाला भाडं वायरीतून येणाऱ्या आवाजाचं मिळतं. लाव ती पिन."

त्याने लावली — चुकीच्या भोकात. मग अख्ख्या मैदानावर अशी किंकाळी घुमली की पाद्रीसाहेबांनी छातीवर हात ठेवला. इसोआ माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, आणि तिथेच फसले.

पुढच्या सोमवारी स्वारी दुकानात हजर. तो नदीपलीकडच्या शाळेत इतिहास शिकवायचा. त्याचा मामा निवडणुकीला उभा होता, त्याला सभांसाठी स्पीकर हवे होते.

"मामांची भाषणं कोण लिहितं?" मी विचारलं.

"मीच. का?"

"मोठी असतील तर भाडं वाढेल."

"आणि गोड असतील तर?"

"तर तुझी नसतील."

अप्पा आतून खाकरले. अप्पांचं खाकरणं मला लहानपणापासून कळतं. एकदा खाकरले की गिऱ्हाईक, दोनदा खाकरले की संकट. त्या दिवशी ते दोनदा खाकरले.

संकट खरंच होतं. इसोआ ताउकेई, म्हणजे या मातीचा मूळचा मालक. मी ऊस तोडायला करारावर जहाजातून आणलेल्या गिरमिटियांची पाचवी पिढी. एकाच बाजारात आम्ही भाजी घेतो, एकाच संघासाठी घसा बसवतो, एकमेकांच्या भाषेत शिव्यासुद्धा देतो. फक्त एकमेकांच्या घरात मुलगी देत नाही. देतात काहीजण, नाही असं नाही, पण मग त्यांच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात.

मामाच्या सभा सुरू झाल्या आणि आमच्याही भेटी. खोऱ्यातल्या एका सभेत भुरभूर पाऊस आला. मी ताडपत्री घेऊन स्पीकरकडे धावले, तर दुसरं टोक धरायला तो आधीच तिथे. भाषण संपेपर्यंत आम्ही दोघं त्या ताडपत्रीखाली उभे. त्याच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता.

"आर्तिका," तो हळूच म्हणाला, "स्पीकर भिजला तर काय होतं?"

"घशातून बोलतो."

"मग मीही भिजलोय वाटतं..."

मी ताडपत्री सारखी केली. ती आधीच सारखी होती.

मग त्याने मला गावी नेलं, आईला भेटवायला. त्याची आई दारातच उभी होती. तिने माझ्या गालाचा वास घेतला, त्यांच्याकडे तसंच जवळ घेतात, आणि मला चटईच्या अगदी वरच्या टोकाला बसवलं. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेले दालोचे कंद, खेकडे. माझ्याआधी कुणी घास उचलला नाही. घरच्या बायका दाराशी बसून माझ्यावरच्या माश्या वारत होत्या. मी संकोचून अर्धी झाले. जेवण झाल्यावर सवयीने ताटं गोळा करायला गेले, तर सगळ्याजणी एकदम उठल्या.

"छे छे, बाळा, तू नको," इसोआची आई म्हणाली. "तू आमची वुलांगी."

वुलांगी म्हणजे पाहुणी. तिच्या आवाजात इतकी माया होती की माझे डोळे भरून आले. परतताना पुलावर मात्र मी त्याला चिडवलं, "किती पिढ्या जेवल्या की पाहुण्याला भांडी घासायला मिळतात रे तुमच्यात?"

"पिढ्या कशाला? लग्न केलंस की झालं."

तो हे इतक्या सहज बोलला की मला वाटलं, चेष्टा आहे. मग त्याच्याकडे पाहिलं. तो पुलाचा कठडा घट्ट धरून उभा होता, भोवळ आल्यासारखा. खाली नदी संथ तपकिरी वाहत होती. मी हो म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनातच, ते आठवत नाही, पण त्याला ऐकू गेलं.

शेवटची मोठी सभा गावच्या मैदानावर होती. गर्दी खूप, म्हणून अप्पाही माझ्याबरोबर आले होते. ते खुर्चीवर बसून जादाची वायर गुंडाळत होते. मामा बोलायला उभा राहिला. मामाचा आवाज खर्जातला, अशा आवाजाला मिक्सरवर काही करावंच लागत नाही.

"वुलांगींना आपण कधी उपाशी ठेवलं नाही," तो म्हणाला, "आणि कधी ठेवणारही नाही. पाहुणा आधी जेवेल. पण घराचा मधला खांब कुठे रोवायचा, हे वुलांगीला विचारायची रीत आपल्या वाडवडिलांत नव्हती."

टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की माझ्या मिक्सरवरचे सगळे दिवे लाल झाले.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचे हात थांबले होते. मला काका आठवला. काकाच्या उसाच्या जमिनीचा करार संपला तेव्हा जमीनमालकांकडची दोन माणसं आली होती. फार सभ्य माणसं. काकूच्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, पाहुण्याने कधीतरी निघायचंच असतं ना. काकाने स्वतः बांधलेल्या घराचे पत्रे स्वतःच उतरवले आणि ऑकलंडची वाट धरली. अप्पा त्या दिवसानंतर त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. आता त्यांनी उरलेली वायर गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि गाडीत जाऊन बसले.

सभा पांगल्यावर इसोआ हसत आला. माझं तोंड पाहून त्याचं हसू विरलं.

"ते वाक्य कुणी लिहिलं?"

"कुठलं?"

"तुला माहितेय कुठलं."

"मी लिहिलं," तो म्हणाला. "आर्तिका, अगं तो शब्द मामाहून जुना आहे. उसाहून जुना आहे. त्यात शिवी नाही. याहून मोठा मान आमच्या भाषेत नाही. आईने तुला म्हटलं तेव्हा तू रडलीस, मी पाहिलं ना."

"आई चटईवर बसून म्हणाली. मामा मंचावरून म्हणाला."

"शब्द तोच आहे."

"टाळी कुठे पडली, ऐकलंस? 'आधी जेवेल'वर एक हात वाजला नाही. सगळ्या टाळ्या खांबावर." माझा आवाज चढला होता. "त्या खांबाच्या टाळीत कुणालाही पाहुणचार सुचलेला नव्हता, इसोआ. आम्ही सुचलो होतो. आमचे चेहरे."

"तू इतिहास राजकारणात घालतेयस."

"मी? इतिहासाचा मास्तर कोण आहे?"

तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "मी काय करू, सांग."

"एकच कर. माझ्या अप्पांपुढे ये आणि चुकलं म्हण. तो शब्द न वापरता. बाकी मला काही नको. मिरवणूक नको, दागिना नको. मी जिथे जन्मले तिथली आहे, एवढं त्यांच्यापुढे कबूल कर आणि मला घेऊन जा."

"येईन," तो म्हणाला. "शपथ."

मामा निवडून आला. मी वाट बघत राहिले. रागावलेली असूनही दुकानाच्या दारात सावली पडली की माझं काळीज लगेच धावायचं. प्रेमाला लाज नसते म्हणतात, ते खोटं नाही.

आणि तो आला. एकटा नाही, सगळं गाव घेऊन आला. एका सकाळी आमच्या व्हरांड्यासमोर त्याच्या गावचे वडीलधारे उभे, कमरेला गुंडाळलेले काळे सुलु, माना खाली. पुढे गावाच्या वतीने बोलणारा म्हातारा, त्याच्या दोन्ही हातांत देवमाशाचा पिवळा दात, काथ्याच्या दोरीत ओवलेला. तांबुआ. माफी मागायला आणतात तो. याहून मोठं इथे काही नाही. आणि एकदा तो स्वीकारला की विषय संपला, तो पुन्हा कुणी काढायचा नाही. इथे राहणाऱ्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. अप्पांनी अशा किती समारंभांना माइक लावले होते. स्वतःच्या दारी हे येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते घाईघाईने खुर्चीवरून उतरून चटईवर बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

इसोआ सगळ्यात मागे बसला होता. मी दाराआड उभी. त्याने एकदा वर पाहिलं, तेवढ्यात माझा सगळा राग वितळला. मनातल्या मनात मी साडीचा रंगसुद्धा ठरवला.

म्हातारा बोलू लागला. आवाज मऊ, मनापासूनचा.

"गौंडर, आमच्या बोलण्याने तुमचं मन दुखावलं, असं आमच्या मुलाने सांगितलं. आमची मान खाली आहे. तुमची माणसं समुद्र ओलांडून आली, आमच्या आज्यांनी जागा करून दिली. तेव्हापासून तुम्ही आमचे वुलांगी. आमच्या डोळ्यातली बाहुली. वुलांगीचं मन दुखावणं, याहून मोठं पाप आमच्याकडे नाही..."

मी इसोआकडे पाहिलं.

त्याच्या मानेची शीर ताठ झाली. त्याने ऐकलं होतं. एवढ्या माणसांत फक्त त्याने आणि मी ऐकलं होतं. वडीलधारे बोलत असताना तरुणाने तोंड उघडायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी वाट बघितली. नुसती मान वर कर, मी मनात म्हणत होते, नुसतं एकदा 'नाही' म्हण. नंतर मी तुझ्यासाठी सगळ्या गावाचे पाय धरीन.

त्याची मान खालीच राहिली.

अप्पांनी तांबुआ दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला, देवळातल्या प्रसादासारखा. तशी रीत नाही. पण म्हाताऱ्यांचे चेहरे उजळले आणि सगळ्यांनी ओंजळीने खोल टाळ्या वाजवल्या. अप्पांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

मग मुळ्या कुटून केलेल्या ग्रॉगचा वाडगा फिरू लागला आणि मी मागच्या दाराने गाडीपाशी गेले. इसोआ आलाच.

"झालं ना आता?" तो म्हणाला. त्यालाही ते खोटं वाटत होतं.

"झालं. आता ते पुन्हा काढायचं नाही."

"मी ऐकलं, आर्तिका."

"माहितेय मला."

"मान वर करता आली नाही... ती माझी माणसं आहेत गं. मनापासून आली होती."

"म्हणून तर." मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. "लबाडी असती तर भांडले असते, इसोआ. या मायेशी कशी भांडू?"

त्याने माझा हात धरला. मी सोडवला नाही. मला तो हात हवाच होता, आजही हवा आहे.

"मी बदलेन. हळूहळू घरच्यांनाही..."

"आपल्याला मूल झालं तर तुझ्या कुळात नाव लागेल त्याचं?"

"लागणारच."

"म्हणजे तेही ताउकेई. मालक. आणि मी?"

त्याने नजर गाडीच्या टपाकडे वळवली.

"माझं पोर घरचं, आणि मी त्याच्या घरची पाहुणी. मानाची. मला वरच्या टोकाला बसवतील, आधी जेवू घालतील, आणि खांब कुठे रोवायचा ते माझं पोरसुद्धा मला विचारणार नाही. तक्रारही करता येणार नाही मला, अप्पांनी आज तो दात कपाळाला लावून विषय संपवला."

आतून त्याला हाक आली. त्याने माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं, हात सोडला आणि गेला. वाटेत वायर नव्हती, तरी अडखळला.

सगळे गेल्यावर अप्पा व्हरांड्यात एकटेच बसले होते, तो दात मांडीवर घेऊन. इतके तरुण ते मला कधी दिसले नव्हते.

"पाच पिढ्यांत आपल्या दारी असं कुणी आलं नव्हतं, बाळा," ते म्हणाले. "मीच खुळा, उगाच त्या पोराला नावं ठेवत होतो. सोन्यासारखी माणसं." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून, लाजत, पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. "आता सांग, इसोआच्या घरच्यांना तारीख कधीची कळवू?"