शेवटचं कोण?

जे सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या नवऱ्याच्या थडग्याची शपथ, ह्या माझ्या नातीच्या, नेरेआच्या डोक्याची शपथ, आणि आत्ता ओव्हनमध्ये बदामाचा केक ठेवलाय त्याचीही शपथ. एक शब्द जरी खोटा निघाला तर तो केक करपू दे.

एवढ्या शपथा घ्यायचं कारण म्हणजे आज सकाळी मासेवालीकडे माझी अब्रू निघाली. तशी ती दर आठवड्याला निघते, पण आज नातीसमोर निघाली. आम्ही तारल्या घ्यायला गेलो होतो. दुकानात दहाबारा बाया. नेरेआने आत पाय टाकत सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत मी तिची बाही धरली, तिला ओढत सगळ्यांच्या पुढे नेलं आणि म्हटलं, अर्धा किलो तारल्या, साफ करून दे. शेजारची आसुन्सिओन मागून माझ्याबद्दल म्हणाली की तूरिदबाईंनी पन्नास वर्षं सालामांकात काढली, नवरा इथला केला, हाडंही इथेच टेकवणार, पण रांगेत थांबायचं काही शिकल्या नाहीत. सगळ्या हसल्या. मी पिशवी उचलली आणि ताठ मानेने बाहेर पडले.

घरी येऊन नेरेआ फुगून बसली. उद्या तिला कॉलेजात नाव नोंदवायचंय. माझंच कॉलेज, तीच खिडकी. मी सोबत जाणार असं ठरलं होतं. आता म्हणते, "तू नकोच येऊस आजी. तू तिथेही घुसशील."

म्हटलं, बस इथे. तिथेच तर घुसायला शिकले.

मी मूळची नॉर्वेची, पार उत्तरेच्या टोकाची. आमच्या गावात चाळीस घरं आणि त्याहून जास्त बोटी. चौदाव्या वर्षापासून मी धक्क्यावर कॉड साफ करायला उभी राहायचे. हात सहा महिने लाल, सहा महिने निळे. मी एकोणीसची असताना इथे स्पेनमधल्या कॉलेजात परदेशी मुलांसाठी एक जागा निघाली, फी आणि खोली त्यांच्याकडून. ती मला मिळाली. आमच्या गावात कुणाला स्पॅनिशमधलं ओ की ठो येत नव्हतं, म्हणून मला मिळाली असं बाबा म्हणायचे. निघताना ते म्हणाले, "नाताळाला परत येशील. तुझी सुरी खिळ्यावरच ठेवतो." मी म्हटलं, गंजू दे.

कॉलेजच्या पत्रात एकच अट होती. तीस सप्टेंबरला दुपारी दीडच्या आत स्वतः येऊन शिक्का घ्यायचा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. आमची बोट वादळात अडकली, दोन गाड्या चुकल्या, आणि मी इथे पोचले ती एकोणतीसच्या संध्याकाळी. म्हणजे माझा पहिला दिवस हाच शेवटचाही दिवस.

कॉलेजने माझी खोली प्रिमितिवाबाईंकडे ठरवली होती. बाई अशी की उभी राहिली की दार दिसायचं नाही. सकाळी पाव कॉफीत बुडवून खाताना तिने मला शहाणं केलं. म्हणाली, "आमच्याकडे तुमच्यासारखी सरळ रांग नसते, पोरी. माणसं वाटेल तिथे बसतात, मध्येच कॉफी पिऊन येतात. पण आपल्या आधी कोण हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. आत गेलीस की विचार, शेवटचं कोण. जो मी म्हणेल त्याचं तोंड नीट बघून ठेव. तो गेला की तू. आणि घुसू नकोस. नवऱ्याला सोडलेली बाई आम्ही चालवून घेतो, रांगेत घुसलेली नाही."

ते दोन शब्द मी सबंध रस्ता घोकत गेले. कोरडं, कडक ऊन होतं. महिनाभर पाऊस नव्हता, दगडी भिंती भाजलेल्या पावाच्या रंगाच्या दिसत होत्या.

कॉलेजच्या कचेरीचं दालन उंच आणि थंड होतं. भिंतीला लागून बाकं, समोर एकच खिडकी, तिला वरून खाली पडणारी लाकडी फळी, आणि तिच्यावर गोल घड्याळ. अकरा वाजले होते. नऊ-दहा माणसं इकडेतिकडे बसलेली. मी दारात उभी राहून, घसा साफ करून विचारलं.

गोल टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी कोपऱ्यातून उत्तर आलं.

"मी."

माझ्याच वयाची मुलगी. एक बोट वर केलेलं. अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला जाड तपकिरी कोट, मांडीवर पुठ्ठ्याची पेटी. मी तिचं तोंड नीट बघून घेतलं आणि मोठ्या कौतुकाने तिच्याच शेजारी जाऊन बसले. म्हाताऱ्याने तोंड मिटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी.

मुलगी चांगली बोलकी होती. तिचाही पहिलाच दिवस म्हणे. कुठून आलीस विचारलं तर म्हणाली, लांबून. तिच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता. आमच्याकडे चुलीपाशी मोजे वाळत घालतात तेव्हा येतो तसा. मला घरची आठवण झाली, म्हणून बरं वाटलं. मग माझी नजर खाली गेली. तिचे बूट ओले होते. बुटांखाली फरशीवर पाणी साचलं होतं.

एकेक माणूस खिडकीशी गेला. नवीन येत होते. दोन मुलं आली, त्यांनी विचारलं, शेवटचं कोण. मी हौसेने हात वर केला. मुलांची नजर माझ्यावरून गेली आणि म्हाताऱ्यावर थांबली. त्याने बोट वर केलं. मग एक बाई आली. मी मोठ्याने म्हटलं, मी. तिने त्या मुलांना विचारलं.

बारा वाजले. म्हाताऱ्याचं काम झालं. तो निघाला, माझ्यासमोर क्षणभर घुटमळला, मग टोपी घालून बाहेर पडला.

"तुझा नंबर कधी?" मी मुलीला विचारलं.

"माझ्या आधीचा गेला की."

"तुझ्या आधी कोण?"

तिने पलीकडे बोट दाखवलं. पलीकडे रिकामं बाक होतं. त्याचं लाकूड मधोमध बसून बसून खोलगट झालेलं.

एक वाजला. मी उठून खिडकीशी गेले. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं, म्हणजे मी त्याला दिसत होते, तेवढं बरं. त्याने विचारलं, तुमच्या आधी कोण आहे? मी कोपऱ्याकडे बोट केलं. त्याने तिकडे बघितलंच नाही. पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, मग त्यांचं होईपर्यंत थांबावं लागेल, सेन्योरिता.

परत येऊन बसले तेव्हा पायाला गार लागलं. माझ्या बुटांतून पाणी येत होतं.

हातातलं पत्र बघितलं. सकाळी पांढरंशुभ्र होतं. आता कडा पिवळ्या पडल्या होत्या, आणि माझं नाव चहाच्या डागासारखं पुसट.

"सवय होते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज खरंच प्रेमळ होता. "किती दिवसांनी कुणी शेजारी बसलंय."

"तू उठून का नाही जात?"

"घुसणं वाईट दिसतं," ती म्हणाली.

एक वीस.

दालनात आता आम्ही दोघीच.

दीडला मिनिटभर असताना कारकून उठला. त्याने फळीच्या दोरीला हात घातला.

मला घरच्या खिळ्यावरची माझी सुरी दिसली.

मी उभी राहिले. पाय शिशाचे झाले होते, तरी राहिले. मुलीचा दंड धरला. बादलीतून काढलेल्या फडक्यासारखा गार, ओला. तिला उठवलं, ओढत खिडकीशी नेलं, तिच्या पेटीतला कागद काढून आत सरकवला आणि म्हटलं, आधी हिचं करा, मग माझं करा, आणि ती फळी वरच राहू द्या. कारकुनाने कागदावरचं नाव वाचलं. त्याच्या ओठांचा रंग गेला. त्याने शिक्का मारला. मग माझ्या कागदावर मारला. मुलगी हसली, पेटी उचलली आणि दारातून बाहेर उन्हात निघून गेली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे, आणि ते बघता बघता वाळले.

एवढं सांगून मी खुर्चीला टेकले. नेरेआ हनुवटीखाली मुठी धरून ऐकत होती. ती वकील होणार, हे मी विसरलेच होते.

"छान," ती म्हणाली. "तिचं काम झालं, ती गेली. मग तू अजून का घुसतेस?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची खोड.

तिने नाक वर करून हुंगलं. "आजी, केक करपतोय."

करपतच होता. मी उठून तो बाहेर काढला. वरून काळा ठिक्कर. मी पाठमोरीच उभी राहिले, कारण काही गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत.

बरं बाई. एक गोष्ट बनवून सांगितली. मी तिला उठवलं नाही. तिचा कागद पुढे केला नाही. तिने माझी बाही धरली होती, म्हणत होती माझ्यानंतर तू आहेस, माझ्यानंतर तू. मी बाही सोडवून घेतली, एकटी खिडकीशी गेले आणि खोटं बोलले. म्हटलं, माझ्या आधी कुणी नाही. कारकुनाने डोळे मिटले आणि शिक्का मारला. फळी पडली. मी मागे बघितलं तर ती तिथेच बसली होती, बोट वर करून.

आणि मला वाईट वाटलेलं नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. ह्या घरातली प्रत्येक खुर्ची, तुझी आई, तू, सगळं मी त्या घुसण्यातून मिळवलंय. पण तेव्हापासून मी कुठेही शेवटचं कोण म्हणून विचारलं की पहिलं बोट तिचं वर होतं. मांसवाल्याकडे, पोस्टात, तुझ्या आजोबांच्या दवाखान्यात. म्हणून मी विचारत नाही. सरळ पुढे जाते. गाव हसतं तर हसू दे. आज विचारलंस ते तू. मासेवालीची फरशी ओलीच असते, तुझ्या लक्षात आलं नसेल.

नेरेआने हनुवटीखालच्या मुठी काढल्या.

"तपकिरी कोटवाली?" तिने विचारलं. "तू तारल्या साफ करून घेत होतीस तेव्हा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, तिलाही उद्या तिथेच जायचंय. माझ्यासाठी नंबर धरून ठेवते म्हणाली."

मी सुरी घेतली आणि केकची काळी साल खरवडायला लागले. आतला बरा होता.

"धरू दे," म्हटलं. "आपण घुसू."