पिवळ्या गोळ्यांचं कोडं

"माझी सून माझी औषधं बदलतेय," शिझुए कुरिमोतो तचिकीबाईंच्या दारातूनच म्हणाल्या.

ओनुकींना ठसका लागला. टपालखात्यातून निवृत्त होऊन ते तचिकीबाईंना तपासात मदत करत. पण कानाझावात सासूने सुनेवर असा आळ घेतलेला त्यांनी प्रथमच ऐकला. तचिकीबाईंची अर्धी हयात मात्र औषधाच्या दुकानात गेली होती. त्यांनी फक्त बसायला उशी पुढे सरकवली.

शिझुएंचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलं होतं. दर शनिवारच्या गोळीने तो संधिवात दीड वर्ष आटोक्यात होता. मे महिन्यापासून बोटं पुन्हा सुजली, आणि रविवारी तर शिष्यांसोबत कोतो या तंतुवाद्याचा त्यांचा कार्यक्रम!

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विचारत होते, आणखी काही घेता का म्हणून. मी कशाला घेईन!" शिझुएंनी नजर चुकवली. "चिनात्सूचंच बघा. माझ्या हातच्या कच्च्या माशावर तुटून पडायची, आता शिवतही नाही. कॉफी सोडली. महिन्यातून एकदा गुपचूप कुठेतरी जाते."

दुपारी दोघं कुरिमोतोंच्या घरी गेले. भिंतीवरच्या कप्प्यांत शनिवारच्या गोळ्या सीलबंद होत्या, छापासकट अस्सल.

"रविवारी वाजवता आलं नाही, तर आई कोतो माळ्यावर टाकेल," मुलगा सोता म्हणाला. "आणि बोल चिनात्सूला लावेल."

चिनात्सूने सातूचा चहा आणला. तिचे गाल चांगलेच तजेलदार दिसत होते. कॅलेंडरवर मंगळवारी, जपानी पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी, पेन्सिलीचा इवलासा गोल होता. फडताळात 'क जीवनसत्त्व' लिहिलेली बाटली होती. तिची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली, तरी ती गळ्यापर्यंत भरलेली. तचिकीबाईंनी एक गोळी तळहातावर घेतली. गोळी पिवळी होती.

"औषधं कुणीच बदललेली नाहीत," सगळे बसल्यावर त्या म्हणाल्या. "शिझुएबाई, या गोळ्या रोज किती खाता?"

शिझुए लाजेने लाल झाल्या. "चार. चिनात्सूची कांती उजळली, म्हटलं यांचाच गुण असेल. सुनेच्या गोळ्या चोरून खाते हे डॉक्टरांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"तरीच! मी भरतेय आणि संपतायत!" चिनात्सू पुटपुटली.

"ही फोलिक आम्लाची गोळी, दुकानात हजारदा हाताळलीय मी. तुम्हालाही डॉक्टर आठवड्याला एक देतात, पण मोजून. भारंभार घेतली तर शनिवारच्या औषधाचा जोर कमी पडू शकतो. उद्याच डॉक्टरांना सगळं सांगा."

"पण चिनात्सूला कुठे संधिवात आहे?" ओनुकींनी डोकं खाजवलं.

"अहो, कच्चा मासा बंद, कॉफी बंद, महिन्याची फेरी, जुन्या बाटलीत लपवलेल्या गोळ्या. आणि पाचव्या महिन्यातल्या श्वानाच्या दिवशी सुखरूप बाळंतपणासाठी पोटाला पट्टा कोण बांधतं?"

"त्या दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नसतं ना, आई," चिनात्सू हळूच म्हणाली. सोता मान खाली घालून हसत होता.

शिझुएंनी सुजलेल्या हातांनी सुनेचे हात घट्ट धरले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही. "आणि मी तुझ्यावर आळ घेतला! रविवारी शिष्या वाजवतील, मी ऐकेन. डिसेंबरपर्यंत बोटं बरी करायचीत मला. पहिली अंगाई माझ्या कोतोवर व्हायला हवी."

मग त्या लगबगीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

"बसा सगळे. आज मासा भाजते. चांगला खरपूस!"